मेलेल्या बॅटरीचा हिरवा दिवा

घरी ठेवायला चार्जर कोणता घेऊ, असं आठवड्यातून चार माणसं तरी मला विचारतात. त्यातल्या तिघांनी चार्जर आधीच घेतलेला असतो. त्यांना उत्तर नको असतं, कौतुक हवं असतं. मुलगा दहावीला पहिला आल्यासारखा चेहरा करून ते खोका माझ्या काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "शेठ, डिस्प्ले बघा केवढा आहे!"

मी डिस्प्ले बघतो. छान असतो. त्याच्यावर सिनेमा बघता येईल, बॅटरी चार्ज होईलच असं नाही.

शहापुरात बॅटऱ्यांचं काम करून मला पस्तीस वर्षं झाली. मांडीवर तेजाबाचं भोक नाही अशी एकही पँट माझ्या घरात नाही. पूर्वी माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, जीपवाले, ट्रॅक्टरवाले. त्यांची वाहनं रोज पळायची, बॅटरी पळून पळून थकायची आणि रीतसर मरायची. आता घरोघरी कार आहे आणि ती पळत नाही. माणूस बाइकवर आसनगाव स्टेशनला जातो, तिथून कल्याण, ठाणे, मुंबई. कार आठवडाभर ताडपत्रीखाली. रविवारी सासुरवाडीला निघायचं म्हणून किल्ली फिरवली की टक्. पुन्हा फिरवली, टक्. मग बायको पदर खोचून आत जाते आणि हा मला फोन करतो.

गाडी उभी असली की बॅटरी आराम करते, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. बॅटरी म्हणजे काय सरकारी नोकर आहे? शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब, एवढाच तिचा संसार. नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते. उतरलेली तशीच ठेवली की पट्ट्यांवर पांढरा क्षार धरतो, आणि तो घट्ट बसला की कोणाच्या बापाला निघत नाही. चार्जरच्या खोक्यावर 'रिपेअर मोड' असं लिहिलेलं असतं, ते वाचून मला हसू येतं. मुरलेला दमा अंगाऱ्याने बरा करणारे बाबा आणि हे खोकेवाले एकाच शाळेतले.

वासिंदला एक बँकेतले साहेब आहेत. त्यांनी बॅटरी तपासायचं यंत्र घेतलं. सकाळी दात घासायच्या आधी बॉनेट उघडायचे, आकडा बघायचे, वहीत लिहायचे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे. शुगरवालेसुद्धा एवढी शुगर तपासत नाहीत. तरी गाडी बंद पडायचीच. मी गेलो तर अल्टरनेटरचा पट्टा सैल. गाडी चालू असताना बॅटरी भरणारा तो अल्टरनेटर, त्याच्याकडे साहेबांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. मुरबाडच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरने तर चोवीस व्होल्टला ठेवलेला चार्जर बारा व्होल्टच्या बॅटरीला लावला, तोही बेडरूममध्ये, पलंगाखाली. का, तर बाहेर चोरी होईल. दोन तासांनी घरभर सडक्या अंड्यांचा वास. मोरी तुंबली समजून नवरा-बायको मिळून मोरी धूत बसले. ठिणगी पडली असती तर मोरीही धुवायला उरली नसती, कारण चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू पेटतो.

असो. हसण्यासारखे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. ज्याच्यावर मला हसता येत नाही तो एकच सांगतो.

किन्हवलीच्या पुढे, सरळगावच्या अलीकडे एका गावात देसले गुरुजी राहतात. रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. मला चौथीला तेच होते. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. त्याने वडिलांसाठी कार घेतली, तीही बिनक्लचची, आपोआप गिअर पडणारी, म्हणजे म्हाताऱ्या पायांना त्रास नको. गुरुजी पंधरा दिवसांतून एकदा मुरबाडच्या बाजाराला जायचे आणि गाडी परत पडवीत लावायचे. गावाला लागून ठाकरांची वाडी आहे. गाव आणि वाडी मिळून चारचाकी म्हणावी अशी गाडी तेव्हा ती एकच.

मुलाने गाडीपाठोपाठ चार्जर आणि टेस्टर पाठवून दिले. मोबाइलवर बघून, ज्याला सगळ्यात जास्त चांदण्या पडलेल्या तो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गुरुजी सामानाला शहापूरला आले, ते माझ्या दुकानापुढे थांबले. परत निघताना सेल्फचा आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर. बॅटरीत दम असला की ती खणखणीत फिरते, नसला की कण्हते. ही कण्हत होती. मी माझा लोड टेस्टर लावला. ते एक जुनाट लोखंडी हत्यार आहे, आत तापणारी तार आहे. बटण दाबलं की ते बॅटरीकडून दहा सेकंद खरं काम करून घेतं. काटा सरळ लाल पट्टीत जाऊन झोपला.

"गुरुजी, बॅटरी गेली. महिना काढील, दोन काढील. बदलून टाका."

गुरुजींनी खिशातून आपलं यंत्र काढलं. मोबाइलएवढं, निळा पडदा. चिमटे लावले, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि खाली इंग्रजीत 'चांगली'.

"चंद्रकांत, हे काय म्हणतंय बघ."

"ते काहीही म्हणेल. तुम्ही आज सकाळी चार्जरवरून काढली ना? चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी फुगलेला आकडा दाखवते. रात्रभर ठेवून मग बघायचा. आणि लेबलवर सीसीए म्हणून एक आकडा असतो, थंडीत किती जोर देईल त्याचा. तो यंत्राला सांगावा लागतो. तुम्ही सांगितलाय का?"

"ते सगळं ऑटोमॅटिक आहे."

"ऑटोमॅटिक नाहीये गुरुजी. खोक्यातून आलेला आकडा तसाच आहे, तुमच्या बॅटरीच्या निम्मा. पहिलवानाला पाच किलो उचलायला सांगितलं तर तो पास होणारच."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर विद्यार्थ्याने चूक दाखवली, ते गुरुजींना लागलं असावं. ते माझ्या लोखंडी हत्याराकडे बघून म्हणाले, "तुझ्या यंत्राला पडदा तरी आहे का? चौथीतही तू गणितं अंदाजानेच सोडवायचास." मग हसून सगळ्यांना म्हणाले, "बॅटरी विकणारा माणूस बॅटरी चांगली आहे असं कधी सांगेल का?"

लोक हसले. पस्तीस वर्षांत मी चांगली बॅटरी वाईट सांगून एकही विकलेली नाही. माझं डोकं सणकलं.

"मग तुमच्या यंत्रालाच विचारत जा, गुरुजी," मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

भातकापणी सुरू झाली तेव्हा गुरुजींचा फोन आला. आवाज जरा उतरलेला. "चंद्रकांत, सेल्फ जड मारतंय रे. यंत्र मात्र चांगली म्हणतंय."

या वाक्यासाठीच मी दोन महिने थांबलो होतो. "यंत्र खोटं कशाला बोलेल, गुरुजी?" एवढं म्हणून मी फोन ठेवला. दिवसभर मला बरं वाटत होतं. त्या दिवशी जेवणही जास्त गेलं.

दोन दिवसांनी सरळगावला एका ट्रॅक्टरची बॅटरी बसवायला गेलो. व्हॅनमध्ये गुरुजींच्या गाडीला बसेल अशी नवी बॅटरी पडलेली होती. येताना त्यांच्या घरावरूनच रस्ता. गुरुजी दारात उभे होते. माझी व्हॅन ओळखून त्यांनी हात वर केला. मी हॉर्न वाजवला, हात हलवला आणि पुढे निघालो. काम फक्त वीस मिनिटांचं होतं. आणखी एकदा फोन येऊ दे, नीट शब्दांत विचारू दे, मग बघू, असं माझ्या मनात होतं. साठीला आलेला माणूस, आणि मनात हे.

पुढच्याच आठवड्यात, सकाळचे अकरा वाजले असतील, फोन वाजला.

"चंद्रकांत, जनीला पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. जनी पारधी ही ठाकरांच्या वाडीतली, गुरुजींच्या शेतावर कापणीला असायची. पस्तिशीची बाई, एकदा वाकली की बांधापर्यंत मान वर न करणारी. भाताची मूठ धरायला हात घातला आणि खाली घोणस.

"मग निघालात ना दवाखान्यात?"

"गाडी चालू होत नाय रे." गुरुजींच्या तोंडी 'नाय' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शाळेत त्यासाठी त्यांनी आमची बोटं सुजवली होती. "चार्जर लावला. फुल म्हणतोय. शंभर टक्के, हिरवा दिवा. सेल्फ मारलं की टक्."

क्षार धरलेली बॅटरी अशीच असते. तिच्यात मावतच नाही काही, म्हणून ती लगेच भरते. तांब्यात दगड भरले की दोन घोट पाण्यात तो काठोकाठ दिसतो, तसं. चार्जरला वाटतं भरली.

"किती वेळ झाला चावून?"

गुरुजी म्हणाले, "पाऊण तास."

पाऊण तास! सरकारी गाडीला त्यांनी फोन केला होता, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन डोळखांबच्या बाजूला गेली होती. मग वाडीतल्या सहा जणांनी कार ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत नेली. बिनक्लचची गाडी धक्क्याने चालू होत नाही हे रस्त्यावर गेल्यावर लक्षात आलं. मग ढकलत परत पडवीत, परत चार्जर, परत हिरवा दिवा. दहा-दहा मिनिटं थांबून किल्ली. आणि जनी तुळशीपाशी बसलेली.

"गुरुजी, गाडी सोडा! टेम्पो, ट्रॅक्टर, मिळेल त्यात घाला आणि शहापूरकडे निघा. मी समोरून येतो. तिला चालवू नका."

मी शटरसुद्धा ओढलं नाही. शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून व्हॅन काढली.

किन्हवलीच्या जरा पुढे समोरून विटांचा टेम्पो येताना दिसला. मागे उघड्यावर जनी, तिचा नवरा काळू आणि गुरुजी, विटांच्या भुकटीने तिघंही लाल. मी व्हॅन आडवी घातली. माझ्या व्हॅनला मागे सीट नाही, तिथे जुन्या सहा बॅटऱ्या होत्या. मी आणि काळूने त्या उचलून रस्त्याच्या कडेला ठेवल्या, खाली गोणपाट टाकलं आणि जनीला निजवलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता. मनगटावर सुतळी इतकी आवळून बांधलेली की मांसात रुतली होती. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ती ते पदराने पुसत होती.

"सुतळी कोणी बांधली?"

"मी," गुरुजी म्हणाले. "विष चढू नये म्हणून."

सोडायला हात लावला तर काळू म्हणाला, "नको दादा, चढंल." मलाही ठाम ठाऊक नव्हतं. तशीच ठेवून निघालो.

त्या रस्त्याने मी हजारदा गेलो असेन, एवढा लांब तो कधी नव्हता. काळू बायकोचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होता, "डोळं मिटू नको गो. माझ्याकडं बघ." जनीने एकदाच तोंड उघडलं, आणि काय म्हणाली?

"गुरुजी, तुमचा भात उघड्यावर राह्यला."

गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून टेस्टरची लाल-काळी वायर लोंबत होती. आसनगावचा फाटा दिसायला लागला तेव्हा ते हळूच म्हणाले, "हिरवा दिवा होता रे, चंद्रकांत."

दोन महिने मी मनात वाक्यं घोटून ठेवली होती. एकाहून एक धारदार. त्यातलं एकही माझ्या तोंडातून निघालं नाही. मला सारखा तो दारातला वर केलेला हात दिसत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी सुतळीकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. "अशी आवळायची नसते. हात हलू द्यायचा नाही आणि पेशंटला गाडीत घालून लवकर आणायचं, बस." जपून सुतळी कापली, सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. संध्याकाळी ठाण्याला हलवलं. जनी वाचली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. त्यात विषाचा वाटा किती, सुतळीचा किती आणि पाऊण तासाचा किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यात माझाही वाटा निघाला असता.

गावात सगळ्यांनी गुरुजींच्या यंत्रांना शिव्या घातल्या. दुकानात लोक येऊन म्हणायचे, "शेठ, तुमचंच खरं निघालं!" मला त्या माणसांचा राग यायचा. खरं निघून काय उपयोग? हुशारी डोक्यात ठेवून दारावरून हॉर्न वाजवत जाणारा कारागीर आणि हिरवा दिवा दाखवणारं ते खोकं यांत खोकं बरं. त्याला निदान माहीत नव्हतं.

आता मी खोका घेऊन येणाऱ्याला खुर्ची देतो. अजून मनातल्या मनात शिव्या घालतो, ते सुटत नाही, पण सांगतो. बॅटरीवर किती एएच, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, लिहिलंय ते वाच, साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अँपिअरचा चार्जर घे. छोट्या कारला तीन-चार अँपिअर पुष्कळ झाले. चाळीस अँपिअरचा घेऊन काय गावाला वीज पुरवायची आहे? भरल्यावर आपोआप थांबणारा हवा, चिमटे उलटे लागले तर न जळणारा हवा. आधी चिमटे लाव, मग प्लग. काढताना आधी प्लग. मोकळ्या हवेत लाव, पलंगाखाली नाही. आणि टेस्टरला फार भाव देऊ नकोस. साधा मल्टिमीटर घे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते का बघ. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि त्या क्षणी आकडा बघ. दहाच्या खाली कोसळला तर दिवा हिरवा असो की भगवा, बॅटरी बदल. समजलं नाही तर फोन कर. आणि फोन आला की मी जातो.

गुरुजींकडे नवी बॅटरी बसवायला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. पण परत एकदा जावं लागलं, तीनेक आठवड्यांनी, जनी घरी आली तेव्हा. गुरुजींनीच बोलावलं होतं. गाडीची किल्ली त्यांनी पडवीतल्या खिळ्याला बाहेरच अडकवून ठेवली होती आणि वाडीतली गाडी चालवता येणारी दोन माणसं ठरवून ठेवली होती. ते मला आत बस म्हणाले नाहीत. "वाईट वाटून घेऊ नकोस" असंही नाही. आमच्यात ते बोलणं आजवर झालेलं नाही.

जनी काळूबरोबर आली. हाताला पांढरं बँडेज, पदराखाली झाकलेलं. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "बरी आहेस ना?"

ती गाडीकडे बघून म्हणाली, "आता चालू होती का ही?"

"होते. नवी बॅटरी घातलीय."

"मंग करून दावा."

मी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

"बंद करा," जनी म्हणाली. मी बंद केली. "आता परत."

परत चालू झाली. बॉनेटवर डावा हात ठेवून ती आवाज ऐकत उभी राहिली, चेहऱ्यावर काही नाही. "बंद करा. परत."

तिसऱ्यांदा चालू केली तेव्हा काळू तिला म्हणाला, "आता बास ना गो." तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती गुरुजींकडे बघत होती, मग माझ्याकडे. दोघांकडेही सारखाच वेळ बघितलं.

"उद्या येऊन परत बघंन," ती म्हणाली आणि पदर सावरून वाडीच्या वाटेला लागली.

ती दुसऱ्या दिवशी आली होती. गुरुजी सांगतात, त्यानंतरही रोज येते.